शेरार्ड ऑस्बर्न : बाणेदार की आडमुठा?

दर्यावर्दी :
आपल्या जीआयपी रेल्वेच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे आजची मध्य रेल्वे) जुन्या एजंटांबद्दल, म्हणजे कंपनीच्या इथल्या मुख्य कारभाऱ्यांबद्दल, वाचता वाचता हा माणूस सापडला आणि दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये. शेरार्ड ऑस्बर्न, जन्म १८२२, मद्रासचा. पंधराव्या वर्षी ब्रिटिश नौदलात गेला, सोळाव्या वर्षी मलायात केदाहच्या नाकेबंदीत एका छोट्या गनबोटीवर मलय खलाशांचा कॅप्टन! सोळाव्या वर्षी आपण बारावीच्या क्लासची फी भरत होतो. मग चीनचं युद्ध, मग आर्क्टिकमध्ये हरवलेल्या फ्रँकलिन या इंग्रज दर्यावर्दीचा शोध, क्रिमियात रशियाशी युद्ध, १८५८ मध्ये लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश वकिलाला घेऊन जपान. आणि प्रत्येक ठिकाणाहून परत आला की एक पुस्तक.

पण मला तो खरा आवडला तो १८६३ मुळे. ताइपिंग या बादशहाविरुद्धच्या मोठ्या बंडाशी लढायला चीन सरकारने इंग्लंडमधून वाफेच्या लढाऊ बोटींचा ताफा मागवला, ऑस्बर्न त्याचा प्रमुख. हा तिथे पोचला तर त्याला सांगितलं की तू प्रांताच्या सुभेदारांच्या हाताखाली काम कर, वर एक चिनी सेनापती असेल. हा म्हणाला, मी फक्त बादशहाचा हुकूम घेणार असा करार झालाय, जमत नसेल तर राम राम. ताफा मोडला, काही बोटी मुंबईला आल्या. एवढी मोठी नोकरी शब्दासाठी सोडणारे किती सापडतील?

तिखटमीठ :
धागा वाचून करमणूक झाली, पण निम्मा करार तुम्ही सांगितलाच नाही की. बादशहाचा हुकूम कोणामार्फत यायचा? चीनच्या कस्टम खात्यातल्या होरेशियो नेल्सन ले या इंग्रज अधिकाऱ्यामार्फत. आणि त्या लेला पटला नाही तर तो हुकूम पुढे पाठवायचाच नाही, असंही कलम होतं! म्हणजे पैसा चीनचा, बोटी चीनच्या, आणि चालवणार दोन इंग्रज आपल्या मर्जीने. उद्या आपल्या सोसायटीचा वॉचमन म्हणाला की मी फक्त राष्ट्रपतींचं ऐकणार, तेही माझ्या मेव्हण्याने सांगितलं तर, तर त्याला बाणेदार म्हणाल का? पेकिंगचा कारभार बघणाऱ्या राजपुत्र गोंगने तो कागद फेटाळला आणि लेला घरी पाठवलं ते बरोबरच केलं.

दर्यावर्दी :
@तिखटमीठ करार लेने केला होता, ऑस्बर्न त्यावर विश्वास ठेवून आला. आणि सुभेदारांच्या हाताखाली का नको, त्याचं उत्तर महिन्याभरातच मिळालं ना. ऑस्बर्न नोव्हेंबरमध्ये बाजूला झाला आणि डिसेंबर १८६३ मध्ये सूचौला ताइपिंगचे सरदार शरण आले, त्यांची तिथला सुभेदार ली होंगझांगने मुंडकी उडवली. गॉर्डन हा इंग्रज अधिकारी लीच्या बाजूने लढत होता, तो चिडून थयथयाट करत बसला. ऑस्बर्न तिथे असता तर त्याच्या तोफांनीही अशाच कामाला हातभार लावला असता.

तिखटमीठ :
आणि तोच गॉर्डन दोन-तीन महिन्यांत परत लीकडे कामाला लागला, हे पण लिहा. शिवाय ताइपिंगची राजधानी नानजिंग जुलै १८६४ मध्ये पडली, ऑस्बर्नच्या एकाही बोटीशिवाय. मग हा ताफा कोणासाठी अत्यावश्यक होता?

कोकणचा_वारा :
मला यात तुळाजी आंग्रे आठवला. आरमारवाला स्वतःला कोणाचा चाकर समजतो हा प्रश्न आपल्याकडे पण होताच. तुळाजी पेशव्यांचं ऐकेना म्हणून नानासाहेबांनी १७५६ ला इंग्रजांना बरोबर घेतलं आणि विजयदुर्गात आपलंच आरमार जळालं. समुद्रावरच्या माणसाला जमिनीवरचा साहेब कधी आवडतच नाही.

तिखटमीठ :
अहो तुळाजी निदान इथलाच होता, किल्ले त्याचे, माणसं त्याची. हा पगारी पाहुणा. तुलना गंडलीय.

बर्फाळ_बाबा :
चीन राहू द्या हो, तुम्ही लोक त्याचं लिखाण सोडूनच भांडताय. आर्क्टिकमध्ये पायोनियर ही छोटी वाफेची बोट त्याच्याकडे होती, सूर्य महिनोन्महिने दिसत नाही, तेव्हा १८५०-५१ च्या हिवाळ्यात मॅकडूगल नावाच्या सहकाऱ्याबरोबर याने मोहिमेतल्या रेझोल्यूट जहाजावर चक्क हस्तलिखित सचित्र वर्तमानपत्र चालवलं. आपल्या शाळेतल्या भित्तिपत्रकासारखं, फक्त बाहेर उणे तीस-चाळीस तापमान. परत आल्यावर १८५२ मध्ये त्या प्रवासाचं पुस्तक. बर्फात शिडाच्या जहाजापेक्षा वाफेचं इंजिन कामाला येतं हे तो आवेशाने सांगतो. त्याच्या पुस्तकात बढाई आहे, मान्य, पण कंटाळा नाही. त्या काळच्या बाकी कॅप्टनांचे अहवाल वाचून बघा, झोपेची गोळी लागणार नाही.

तिखटमीठ :
लिखाण चांगलं, पण अविश्वासार्ह. केदाहची हकीकत १८३८ ची आणि पुस्तक आलं १८५७ ला. रोजनिशी होती म्हणे, पण पस्तिशीतल्या यशस्वी कॅप्टनने सोळा वर्षांच्या पोराच्या वहीवर हात फिरवला नसेल असं मानायचं का?

बर्फाळ_बाबा :
फिरवला असेल, त्यात काय. आठवणी अशाच लिहितात सगळे.

घाटात_अडकलेली_गाडी :
एक मुद्दा राहिलाच. १८६३ पहिल्यांदा नाही झालं, वरच्या साहेबाशी याचं आधी पण वाजलं होतं. दुसऱ्या आर्क्टिक मोहिमेत कमांडर होता एडवर्ड बेल्चर, अतिशय किरकिरा माणूस, त्याने ऑस्बर्नला अटकेत ठेवलं होतं. आणि याच बेल्चरने १८५४ मध्ये चार जहाजं बर्फात तशीच सोडून दिली, त्यात ऑस्बर्नची पायोनियरपण गेली. गंमत म्हणजे त्यातलं रेझोल्यूट आपोआप वाहत वाहत आलं आणि अमेरिकन व्हेलवाल्यांना सापडलं, त्याच्या लाकडाचं टेबल पुढे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना भेट गेलं. म्हणजे जहाज ठणठणीत होतं! बेल्चरवर कोर्ट मार्शल झालं, सुटला पण कोर्टाने त्याची तलवार एक शब्द न बोलता परत दिली. ऑस्बर्नचं काहीच बिघडलं नाही, १८५५ मध्ये कॅप्टन झाला. आता सांगा आडमुठं कोण?

दर्यावर्दी :
@घाटात_अडकलेली_गाडी धन्यवाद, हेच मला म्हणायचं होतं!

तिखटमीठ :
बेल्चरबाबत ऑस्बर्न बरोबर होता, बिनशर्त मान्य. म्हणून चीनबाबतही बरोबर ठरतो का? आणि क्रिमियाच्या युद्धात १८५५ ला अझोवच्या समुद्रात किनाऱ्यावरची रशियन धान्याची कोठारं आणि गवताच्या गंजी जाळत फिरला, तो हुकूम मात्र मुकाट पाळला. तिथे शेतकऱ्यांचं काय झालं असेल हा प्रश्न पडला नाही वाटतं. साहेब गोरा असला की बाणा जरा नरम पडतो, एवढंच.

दर्यावर्दी :
अझोवचा मुद्दा लागला. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते फक्त सैन्याचं धान्य होतं वगैरे सारवासारव मी करणार नाही. पण "साहेब गोरा असला की" हे बेल्चरला लावून दाखवा बरं. तो पण गोराच होता.

कोकणचा_वारा :
हाहा, हे बरोबर पकडलं.

माटुंगा_वर्कशॉप :
मध्य रेल्वेत, म्हणजे जुन्या जीआयपीत, नोकरी होती माझी, म्हणून डोकावलो. ऑस्बर्न जीआयपी कंपनीचा एजंट म्हणून मुंबईत होता तो १८६० च्या दशकाच्या मध्यात. बोरघाट १८६३ ला उघडला, थळघाट १८६५ ला, म्हणजे घाट चढून गाडी दख्खनला लागली तो काळ. त्यात कापसाच्या पैशाने मुंबई वेडी झाली होती आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळं कोसळलं. असल्या गोंधळात नौदलाचा कॅप्टन रेल्वेचा एजंट! पण तिखटमीठ यांच्या बाजूने एक सांगतो, कंपनीचं डायरेक्टर मंडळ लंडनला, इथला एजंट त्यांचे हुकूम घेणारा. सहा हजार मैलांवरचे साहेब त्याला चालले, पेकिंगचे नाही चालले.

बर्फाळ_बाबा :
नंतर तो समुद्राखालच्या तारा टाकणाऱ्या कंपनीत गेला १८६७ ला. आणि मन शेवटपर्यंत बर्फातच होतं. नवी आर्क्टिक मोहीम निघावी म्हणून वर्षानुवर्षं मागे लागला, निघाली ती मे १८७५ च्या अखेरीस पोर्टस्मथहून, कॅप्टन नेअर्सच्या हाताखाली. हा त्याआधीच ६ मेला वारला.

तिखटमीठ :
हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं खरं.

चीनबद्दलचं मत तेच आहे हं.