मुंबई सिटी : भोक पुढे नाही, मधे आहे (आयएसएल फुटबॉल, २०२४-२५ हंगाम संपल्यावरचा धागा)

तिसरा_सेंटरबॅक

निळी_लाट यांची परवाची पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल. ज्यांची सुटली त्यांच्यासाठी सार : ‘स्ट्रायकर कारेलिस कामाचा नाही, प्रशिक्षक क्रात्की त्याहून नाही. दोघांना निरोप द्या, वीस गोल मारणारा परदेशी नऊ नंबर (सेंटर फॉरवर्ड) आणा, पुढच्या वर्षी शील्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्याची) आपलीच.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

आधी आकडे. २०२४-२५ च्या साखळीत २४ सामने, ९ विजय, ९ बरोबरी, ६ पराभव, ३६ गुण, सहावा नंबर. गोल केले २९, खाल्ले २८. आधीचा प्रशिक्षक बकिंगहॅम असताना आपण २०२२-२३ मध्ये २० सामन्यांत ५४ मारले होते. सामन्यामागे २.७ वरून आपण १.२ वर आलो. नऊ नंबरवाले म्हणतील, आम्ही वेगळं काय म्हणतोय? पण त्या २९ मधले तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गोल एकट्या कारेलिसचे आहेत. मिळालेला चेंडू तो आत टाकतो. चेंडू त्याच्यापर्यंत पोचतच नाही, त्याचं काय?

२०२४ च्या उन्हाळ्यात मोहन बागानला गेलेला मिडफिल्डर अपुइया असताना काय व्हायचं ते आठवा. गोलकीपर लाचेंपाने सेंटरबॅक मेहताबला पास दिला की समोरचा स्ट्रायकर मेहताबच्या अंगावर धावायचा. त्या स्ट्रायकरच्या पाठीमागे चार-पाच पावलांवर अपुइया अंग अर्धं वळवून उभा. चेंडू यायच्या आत दोनदा मान वळवून मागे बघून झालेलं. चेंडू जवळच्या पायावर न घेता लांबच्या पायावर घ्यायचा, म्हणजे पहिल्याच स्पर्शाला तोंड समोरच्या गोलकडे आणि पाठीवर आलेला माणूस तिथेच बाद. दुसऱ्या स्पर्शाला चेंडू उजव्या विंगवरच्या छांगटेकडे, आणि छांगटेसमोर एकटा लेफ्टबॅक.

यंदा तोच चेंडू अपुइयाच्या जागी खेळणारा परदेशी फान निफ आपल्याच गोलकडे तोंड करून घेतो. त्याच्या लांब पासबद्दल तक्रार नाही, देखणे असतात. पण पाठीवर माणूस आला की चेंडू परत मेहताबला, मेहताबकडून फुलबॅकला, फुलबॅक रेषेला चिकटून कोंडलेला, मग तो उडवतो उंच. कारेलिस दोन सेंटरबॅकच्या मधे एकटा उड्या मारतोय. या सगळ्यात आठ-दहा सेकंद गेलेले, तोवर छांगटेवर दोघे आलेले असतात. तो डावखुरा, उजवीकडून आत शिरणारा. बाहेरून फुलबॅकची पुढे धाव, म्हणजे ओव्हरलॅप, नसेल तर एक जण रेषेकडे आणि एक आतल्या बाजूला उभा राहिला की त्याचा खेळ संपला.

म्हणून खरेदीच्या यादीत पहिलं नाव भारतीय सहा नंबरचं, म्हणजे अपुइयासारखा बचावफळीपुढे चेंडू घेणाऱ्या मिडफिल्डरचं हवं. भारतीयच का? सहा परदेशी नोंदवता येतात, मैदानावर चारच. सहा नंबर परदेशी घेतलात तर तिरी, क्रुमा, कारेलिस किंवा तोराल यांपैकी कुणाला तरी बाकावर बसवावं लागतं. अपुइया गेला तेव्हा खेळाडू एक गेला, पण घोळ दोन जागांचा झाला.

निळी_लाट

माझी अर्धी पोस्ट गिळून उरलेल्या अर्ध्याला उत्तर दिलंत, छान. प्रशिक्षकाबद्दल मी चार मुद्दे लिहिले होते, त्यातला एकही तुम्हाला दिसला नाही?

अपुइया हंगामाच्या आधी गेला. तुम्हाला दिसतं ते क्रात्कीला दिसायला मार्च उजाडावा लागला काय? घेणारा माणूस नाही तर घ्यायची जागा बदला. फान निफच्या शेजारी दुसरा बसवा, एक फुलबॅक आत ओढा, नाहीतर सरळ लांब खेळा आणि हेडरनंतर खाली पडणाऱ्या चेंडूसाठी तिघांना कारेलिसच्या भोवती ठेवा. यातलं काही सलग तीन सामने तरी टिकलं का? ९ बरोबऱ्या काय आकाशातून पडल्या?

आणि तुमच्या सिद्धांतात हे बसवून दाखवा : ११ मार्चला कांतीरवावर बंगळुरूला २-० ने हरवून आपण प्लेऑफ (साखळीनंतरची बाद फेरी) गाठली. २९ मार्चला त्याच मैदानावर त्याच संघाकडून ५-०. अपुइया ११ तारखेलाही नव्हताच की!

तिसरा_सेंटरबॅक

बसवतो. ११ मार्चला बंगळुरूची जागा आधीच पक्की होती, गरज आपल्याला होती. २९ ला नवव्या मिनिटाला सुरेशने मारला, ४२ व्या मिनिटाला मेंडेसची पेनल्टी. मध्यंतराला ०-२, म्हणजे आता चेंडू घेऊन पुढे जाणं भाग. चेंडू घेऊन पुढे जाणं हेच तर आपल्याला येत नाही! बचावफळी मध्यरेषेजवळ चढली, मधे चेंडू हरवला की मागे चाळीस मीटर मोकळं रान. विल्यम्स, छेत्री, आणि पाचवा पेरेरा दियास. आघाडीवर असताना हे भोक झाकतं, पिछाडीवर उघडं पडतं.

फुलबॅक आत ओढायचा मुद्दा मान्य. तो करून बघायला हवा होता.

निळी_लाट

‘मान्य’ हा शब्द जपून ठेवतो, पुन्हा दिसेल न दिसेल.

फातोर्डा_गेट_३

एफसी गोवाचा माणूस, पाहुणा म्हणून एवढंच. मिडफिल्डर ब्रँडन सात वर्षं आमच्याकडे खेळ चालवायचा. तुम्ही नेलात आणि कॉर्नर मारायला ठेवलात. त्याचा पास पायात नाही, धावणाऱ्याच्या पुढच्या जागेत पडतो. तिथे धावणारा लागतो. तुमच्याकडे तो चेंडू घेतो तेव्हा सगळे उभे राहून हात वर करतात.

चर्चगेट_स्लो

क्रात्कीला शिव्या घालणाऱ्यांनी २०२४ चा एप्रिलही आठवावा. गोव्याविरुद्ध फातोर्ड्यातली सेमीफायनल, ९० व्या मिनिटापर्यंत ०-२, शिट्टी वाजली तेव्हा ३-२. नंतर कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून कप. प्रशिक्षक हाच होता.

फातोर्डा_गेट_३

त्या सामन्याचं नाव काढायची काही गरज होती?

करार_वाचा

सहा नंबर, नऊ नंबर चालू द्या. खरी चूक दफ्तरात झाली. इथले करार ३१ मे ला संपतात. शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू कुणाशीही पूर्वकरार करू शकतो, आणि क्लबला पै मिळत नाही. म्हणजे ज्याला ठेवायचं त्याच्यासमोर कागद डिसेंबर उजाडायच्या आत गेला पाहिजे. २०२४ च्या उन्हाळ्यात दियास, नोगेरा आणि भेके तिघेही बंगळुरूला. आक्रमणातले दोन आणि कप उचलणारा कप्तान एकाच प्रतिस्पर्ध्याकडे! मग ५-० ला आश्चर्य कसलं?

अपुइयाचं प्रकरण वेगळं, रिलीज क्लॉजचं (ठरलेला आकडा कुणी भरला की खेळाडू सोडावाच लागतो). तो आकडा सही करताना ठरतो. दोन हंगामांत खेळाडू वाढला आणि आकडा तिथेच राहिला, तर समोरच्याने पैसे ठेवले की तुम्हाला ‘नाही’ म्हणायची सोयच नसते. उपाय एकच : दर हंगामानंतर पगार वाढवून नवा करार आणि क्लॉजही वर. पगारवाढ वाचवायला गेलात की पुढे असं होतं. त्याच अपुइयाने जमशेदपूरविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये भरपाई वेळेत लांबून मारला आणि बागान फायनलला गेलं. शील्डही त्यांची, कपही त्यांचा. ५६ गुण, आपल्यापेक्षा २० जास्त.

पेठेतला_डावा

भेकेचं नाव निघालं म्हणून बोलतो. मुंबईचं पोरगं. २०२२ ला एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, भारतीय क्लबचा तिथला पहिला विजय, विजयी गोल भेकेच्या डोक्याचा. तो पण घालवला. आता संघात महाराष्ट्राचं कोण हाय सांगा. सहा नंबर शोधायला मिझोरम, मणिपूर, केरळ सगळं फिरून येतील, पण पुण्याच्या पुढं गाडी येत न्हाई. कोल्हापूर नकाशावर हाय का न्हाई? आमचा अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालचा विश्वचषक खेळला, मग ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल. मुंबई कुठं हाय यात?

चर्चगेट_स्लो

आला कोल्हापूर मुद्दा. भाऊ, शाहू स्टेडियमवर गर्दी होते म्हणून खेळाडू तयार होतात असं नसतं. पाटाकडील-दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्याला हवा जबरदस्त, मान्य. पण तो गल्ली फुटबॉलचा मोठा उत्सव आहे, आयएसएलची शिडी नाही.

पेठेतला_डावा

गल्ली कुणाला म्हणतोस रे? तुमच्या अंधेरीच्या मैदानावर लोकं येतात ती समोरचा संघ बघायला. आमच्याकडं तालमीचा सामना असला की पेठेतली दुकानं अर्धी बंद असतात.

चर्चगेट_स्लो

दुकानं बंद करून सहा नंबर मिळत असता तर मीच शटर ओढलं असतं. गेल्या दहा वर्षांत कोल्हापुरातून वर गेलेले मोजायला बोटं पुरतात.

करार_वाचा

दोघंही आवाज खाली घ्या, यात बोलण्यासारखं आहे. पोरं का दिसत नाहीत याचं एक रूक्ष कारण सांगतो. वरचा क्लब चौदा वर्षांच्या मुलाला घेताना आधी महासंघाच्या सीआरएसमधली नोंदणी बघतो. बाराव्या वर्षापासून कुठल्या क्लबकडे, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. त्यावर खेळाडूचा पासपोर्ट (कुठल्या वयात कुठल्या क्लबकडे होता याची नोंद) बनतो, आणि पुढे प्रशिक्षणाचे पैसे मागायचे तर त्यावर क्लबचं नाव लागतं. तालमीत पोरगं दहाव्या वर्षापासून खेळतं, पण नोंद होते वरिष्ठ संघात आल्यावर. मधली वर्षं कोरी. तालमीला काही मिळणार नसेल तर ती चांगलं पोरगं सोडेल कशाला? उलट हंगामाचं मानधन वाढवून ठेवून घेईल.

वयाचा दाखला हा दुसरा घोळ. जन्मनोंद उशिराची असली की स्काउट फाईल तिथेच मिटतो, कारण वयचोरीत पोरगं सापडलं तर बंदी येते.

तिसरा_सेंटरबॅक

धागा माझा होता असं अंधुक आठवतंय. पण आलोच आहोत तर खेळाचं कारणही घ्या. कडक, उसळत्या मैदानावर वाढलेला पोरगा पहिला स्पर्श छातीने किंवा मांडीने घेतो आणि चेंडू शरीराजवळ ठेवून ड्रिबल करतो. दोघांना चकवेल, तिसऱ्याला देणार नाही. विंगर म्हणून ठीक. सहा नंबरला लागतो एका-दोन स्पर्शांचा खेळ, तोही चेंडू यायच्या आधी मागे बघून. तो चौदा-पंधराच्या वयात, सपाट गवतावर, आठवड्याला चार-पाच सत्रं चार विरुद्ध दोनचे चौकोन खेळून अंगात मुरतो. वीस वर्षांचा झाल्यावर शिकवायला गेलात तर मान वळते, पण पाय ऐकत नाही.

पेठेतला_डावा

मग चौदाव्या वर्षी घेऊन जावा की! तेच तर बोंबलतोय कवाधरनं. वर्षातनं दोन निवड चाचण्या कोल्हापुरात लावा. वीस मिनिटाच्या मॅचवर पोरगं जोखू नका, तीन दिवस ठेवून बघा.

निळी_लाट

तीन दिवसांचा मुद्दा बरोबर आहे. वीस मिनिटांच्या चाचणीत ड्रिबल करणाराच दिसतो. योग्य जागी उभा राहणारा दिसतच नाही, कारण त्याच्याकडे चेंडू येईपर्यंत वेळ संपलेली असते. पण एक सांगा, संघात महाराष्ट्राचं पोरगं नाही म्हणून ओरडता आणि तालमींत सेंटर फॉरवर्ड नायजेरियाचा कसा असतो?

पेठेतला_डावा

…ते वेगळं हाय.

चर्चगेट_स्लो

बघा, पहिल्यांदाच तीन शब्दांत उत्तर.

निळी_लाट

असो, मूळ प्रश्नावर येतो, नाहीतर तिसरा_सेंटरबॅक रडतील. अपुइयाचा मुद्दा दिला तुम्हाला. नऊ नंबर आधी नको, सहा आधी. पण क्रात्कीवर मी ठाम आहे. सहा मिळाला तरी ओव्हरलॅप करणारा राइटबॅक नसेल तर छांगटे पुढच्या वर्षीही दोघांत अडकणार, आणि त्या जागी कोण खेळवायचा हे प्रशिक्षक ठरवतो, बाजार नाही.

तिसरा_सेंटरबॅक

राइटबॅकचं खरं आहे, माझ्या यादीत तो तिसरा होता. दुसरा करून टाकतो, खूश?

करार_वाचा

यादी कितीही सुंदर करा. ज्यांचे करार या ३१ मे ला संपतायत त्यांना डिसेंबरच्या आत कागद गेला नसेल तर ती नावं दुसऱ्या कुणाच्या तरी यादीत आधीच आहेत.

पेठेतला_डावा

एक कबूल करतो, कुणी स्क्रीनशॉट काढू नका. सहा नंबरचं पोरगं आमच्याकडं बी न्हाई. बारा वर्षाच्या पोराला जर्सी द्यायला गेलं की सगळ्यास्नी दहा नंबरच पाहिजे असतोय.