मदत हवी आहे : मॉरिशसच्या नोंदीतलं 'परगणा अंजनवेल' म्हणजे नेमकं कुठलं गाव?

नमस्कार मंडळी,

मॉरिशसमधल्या व्हाक्वा इथल्या एका मराठी कुटुंबाचं मूळ गाव शोधतोय. त्यांचा मूळपुरुष १८५४ साली मुंबईहून पोर्ट लुईला गेला, उसाच्या मळ्यावर, करारावर. गुलामगिरी १८३५ मध्ये बंद झाल्यावर मळेवाल्यांनी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून साडेचार लाखांच्या आसपास माणसं नेली. त्यात आपल्याकडचे थोडेच, त्यामुळे जे वाचायला मिळतं ते बहुतेक भोजपुरी लोकांबद्दल.

मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून त्यांनी नोंदवहीच्या पानाची नक्कल काढली आहे. नाव सखाराम, बापाचं नाव रामा, वय २५, जात मराठा, जिल्हा रत्नागिरी, परगणा अंजनवेल. गावाच्या रकान्यात इंग्रजीत 'कोंड' एवढंच लागतं, पुढे शाईचा डाग. कोकणात कोंड नावाच्या वाड्या-वस्त्या किती आहेत हे कोकण्यांना सांगायला नको!

आडनाव तर नाहीच. तिकडे बापाचं किंवा आजोबांचं नावच पुढे आडनाव म्हणून चिकटलं, त्यामुळे मोरे, पवार असला काही धागा हाती लागत नाही. फोटोही नाही, करार संपलेल्या जुन्या मजुरांनी फोटोचं तिकीट (ओळखपत्र) जवळ बाळगायची सक्ती १८६७ च्या कायद्याने आली, आणि हा गडी त्याआधीच वारला.

घरचे अंजनवेल हेच गाव धरून बसलेत, दाभोळच्या खाडीवरचं. मला ते पटत नाही. त्या काळी अंजनवेल हे तालुक्याचंही नाव होतं, आणि वेगळ्या रकान्यात गाव लिहिलंय म्हणजे इथे तालुकाच असणार. गुहागरकडचं कोंडकारूळ जुळेल असं वाटतं, पण नुसत्या वाटण्यावर त्यांना इतक्या लांबून बोलवायचं कसं?

तर विचारायचं हे :

१८५० च्या सुमाराला या तालुक्यात चिपळूणकडची गावं कुठवर मोडत होती? गावांची यादी कुठे मिळेल?

हा माणूस खोताचं (गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं) कूळ असावा. खोती गावांची तेव्हाची बोटखतं (कुळं-जमिनींच्या नोंदवह्या) किंवा खोतांची घरगुती दप्तरं कुणी पाहिली आहेत का? त्यात कुळांची नावं बापाच्या नावासकट असतात का?

मुंबईच्या पुराभिलेखागारात (एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं) जाणार आहे. जहाजावर चढलेल्यांच्या याद्या कुठल्या खात्याच्या दप्तरात मागायच्या?

गुहागर-चिपळूणकडच्या कुणाच्या घरी 'एक भाऊ मिरीच देशाला गेला तो आलाच नाही' अशी गोष्ट सांगत असतील तर तीही कळवा. मॉरिशसला तेव्हा मिरीच म्हणत.