मदत हवी आहे: ताम्हिणीच्या वाटेवर दोन एकर घ्यावी का?

पुणे सोडून नवरा-बायको आणि दोन मुलं असं शेतावरच राहायला जायचं ठरतंय. सातबाऱ्यावर वडिलोपार्जित नाव आहे, त्यामुळे शेतकरी असल्याच्या पुराव्याची अडचण नाही. भात, नाचणी, घरापुरती भाजी आणि दोन गाई एवढं डोक्यात आहे. एजंट मुळशीतला डोंगरउतार दाखवतोय. झरा वाहतोय, सगळं हिरवंगार आहे. एवढा पाऊस म्हणजे पाण्याची काळजी नाही ना? आणखी काय तपासू?

मुरमाड
पाण्याचीच काळजी आहे! घाटमाथ्यावर पाऊस हजारो मिलिमीटर पडतो, पण हातभर मातीखाली काळा पाषाण. उतारावरून पाणी वाहून जातं, दिवाळीनंतर झरा बारीक होतो आणि उन्हाळ्यात टँकर लागू शकतो. जागा मे महिन्यात बघा. विहीर असेल तर संध्याकाळी पंपाने उपसा, पातळीची खूण करा आणि सकाळी किती चढली ते मोजा. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट म्हणजे साधारण ८,९०० लिटर.

गरजही मांडा. चौघांना रोज ४०० लिटर, दोन गाईंना दीडशे, तीन गुंठे भाजीला उन्हाळ्यात ठिबकवर १,२०० च्या आसपास. डिसेंबर ते मे धरले तर भाजीलाच दोन लाख लिटरवर पाणी जातं. १५ × १५ मीटरचं, ३ मीटर खोल, १:१ उताराचं शेततळं ४.४ लाख लिटर धरतं. बाष्पीभवनाने त्यातलं बरंच उडतं, म्हणून काठोकाठ हिशोब करू नका. मुरमात पाणी जिरतं, म्हणून तळाला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद लागतोच. कागदावर पाय ठरत नाही, माणूस किंवा जनावर आत गेलं तर वर येत नाही. मुलं आहेत, तेव्हा कुंपण आणि आत सोडलेला गाठींचा दोर आधी, पाणी नंतर.

सातबारा
गेल्या ३० वर्षांचे फेरफार, म्हणजे मालकी-हक्क बदलाच्या नोंदी, काढा. 'इतर हक्क' रकान्यात कूळ, बोजा, खाजगी वन किंवा पुनर्वसनाचा शेरा असेल तर तिथेच थांबा. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवरची जमीन, असेल तर विक्रीला परवानगी लागते. गाव पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या यादीत आहे का, तेही बघा. विसार देण्याआधी मोजणी करून घ्या. रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या बांधावरून नुसती वहिवाट आहे, हे तलाठ्याला विचारा. वाट अडली की प्रकरण तहसीलदारांपुढे जातं आणि गाईचा चारासुद्धा डोक्यावरून न्यावा लागतो.

नाचणी
भात हवा असेल तर बांधलेली खाचरं असलेलीच जमीन घ्या. उतार नव्याने कापला की वरची चांगली माती खाली गाडली जाते आणि पहिली काही वर्षं पीक बसत नाही. नुसत्या उतारावर नाचणी, वरईच बरी. रानडुकरांचा त्रास किती, हे गावातच विचारा. एका रात्रीत शेत साफ होतं.

धागाकर्ता
म्हणजे पूर्वेकडे, सासवड भागात बघू?

मुरमाड
तिकडे पाऊस फारच कमी, भाताचं नाव सोडा. भोरचा पूर्व भाग किंवा वेल्ह्यात नदीकाठची सपाट गावं बघा. एजंटला बाजूला ठेवून आधी तिथली विहीर उपसून घ्या.