फास्टनर की गोंद: कोब्याची साय बघितली का?

गच्चीवर उष्णता रोखणारे इन्सुलेशन बोर्ड बसवताना 'फास्टनर (स्क्रू-अँकर) मारले की वाऱ्याची चिंता मिटली' असं म्हणतात. ते पत्र्याच्या डेकवर पटतं, आरसीसी स्लॅबवर तितकंसं नाही. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या जुन्या गाळ्यांच्या स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा वॉटरप्रूफिंग थर) असतो. अँकर आखूड घेतला तर तो कोब्यातच रुततो, लांब घेतला तर वॉटरप्रूफिंगला शेकडो भोकं. त्यात स्लॅबमधला एखादा कंड्युट (वायरचा पाइप) लागला की इलेक्ट्रिशियनच्या शिव्या वेगळ्या.

पण गोंदाचंही ऐका. रबाळ्याला एका गच्चीवर आम्ही एक्सपीएसचे (कडक फोमचे) बोर्ड पीयू (पॉलीयुरेथेन) गोंदाने चिकटवले होते. पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेचा कोपरा उचलला. बोर्ड उलटा केला तर गोंद शाबूत, त्याला सिमेंटची पापुद्र्यासारखी साय चिकटलेली! म्हणजे गोंद नाही, कोब्याचा वरचा थर सुटला. आता आधी कोब्यावर दीड फुटी प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवतो. खाली घाम धरला तर काम थांबवतो. मग बोर्डाचा तुकडा चिकटवून दुसऱ्या दिवशी उपटतो. बोर्ड फाटला तर उत्तम, साय निघाली तर ग्राइंडर मारल्याशिवाय पुढे जात नाही. कोपऱ्यांत आणि कडांना गोंदाच्या पट्ट्या जवळजवळ ओढतो, कारण वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात, आयएस 875 भाग 3 मध्येही वाऱ्याची ओढ तिथेच जास्त धरली आहे. आणि हो, सॉल्व्हंटवाला गोंद थर्मोकोल, एक्सपीएस दोन्ही खातो. डबा घेताना वाचा, दुकानदार सांगेलच असं नाही.