मदत हवी आहे: २७.५ च्या जुन्या कार्बन हार्डटेलवरून हलकी ग्रॅव्हल सायकल. फोर्क आणि हँडलपाशी अडले आहे

जांभ्याची_वाट (सातारा):

नमस्कार मंडळी,

जुन्या हार्डटेलपासून (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल) ग्रॅव्हल सायकल (खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची) जुळवायला घेतली आहे, निम्मे भाग घरात आले आहेत, आणि आता दोन निर्णय असे उरलेत की चुकले तर पैसे जातीलच, शिवाय दातही जाऊ शकतात. म्हणून सविस्तर लिहिते.

माझी उंची १५२ सेंमी, वजन ४८ किलो. पुढचं सगळं यावरूनच ठरलं आहे. दुकानात मिळणाऱ्या ग्रॅव्हल सायकलींची सगळ्यात लहान फ्रेमसुद्धा ७०० सी (मोठ्या मापाच्या) चाकांभोवती बांधलेली असते. त्यावर ४०-४५ मिमीचा टायर चढवला की सावकाश वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं. डांबरी रस्त्यावर हे फारसं जाणवत नाही. सुट्या खडीच्या चढावर, ताशी पाच-सहाच्या वेगात, तोल राखायला हँडल सारखं डावं-उजवं करावं लागतं आणि नेमकं तेव्हाच पाय अडकतो.

दुसरी गोष्ट वजनाची. मी, सायकल आणि दोन किलो सामान (पाणी, पंप, डबा) धरून ९ किलोच्या सायकलवर ५९ किलो होतात, साडेबाराच्या सायकलवर साडेबासष्ट. म्हणजे घाटात जवळजवळ ६ टक्के जास्त ओझं. ८० किलोच्या माणसाला तोच फरक ४ टक्क्यांच्या आतच पडतो. त्यामुळे "सायकलपेक्षा स्वतःचं वजन कमी करा" हा नेहमीचा सल्ला कृपया देऊ नका. माझ्याकडे कमी करायला काही नाही.

चालवते कुठे? यवतेश्वरचा घाट, ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या सड्यावरचे पवनचक्क्यांकडे जाणारे कच्चे रस्ते (जांभा आणि मुरूम), आणि हिवाळ्यात माण-खटावकडच्या पाणंदी. पावसाळ्यानंतर पाणंद मधोमध धुपलेली असते, कुठे कुठे बांधावरून सायकल खांद्यावर घेऊन जावं लागतं.

म्हणून ग्रॅव्हलची फ्रेम शोधणं सोडलं आणि २०१४ च्या सुमाराची २७.५ इंची चाकांची कार्बन हार्डटेल, लहान मापाची, वापरलेली घेतली. सगळ्यांना २९ इंची हवी असल्यामुळे या फ्रेमा आता कमी किमतीत मिळतात. एमटीबी असल्यामुळे पेडलपासून पुढचं चाक लांब, पाय अडकत नाही. चाकाचं माप ५८४, म्हणजे ग्रॅव्हलवाले ज्याला ६५०बी म्हणतात तेच. मागचा हब १४२ x १२. नाण्याने सगळीकडे वाजवून बघितली, बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा आस बसतो तो भाग) खाली आणि हेडट्यूबच्या (फोर्क बसतो ती पुढची नळी) जोडापाशी टॉर्च लावून तपासली. कुठे बद्द आवाज नाही, तडा नाही.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर फ्रेम ११८० ग्रॅम भरली. चाकं १६९०. टायर दोन्ही मिळून साधारण १०८० धरलेत. गिअर शिमानो डिओर १० चे, पुढे एकच चेनरिंग (पेडलपाशी असतं ते दात्यांचं चाक), मागे ११-४६ दात्यांची कॅसेट. १२ गिअरचे घेतले नाहीत, कारण शिमानोच्या १०-५१ कॅसेटला मायक्रोस्प्लाइन फ्रीहब (मागच्या हबचा कॅसेट बसते तो भाग) लागतो आणि माझ्या जुन्या चाकांवर साधा एचजी आहे. हब बदलण्यापेक्षा दोन गिअर कमी असलेले चालतील. क्रँक (पेडलचा दांडा) १६५ मिमीची. कार्बन फोर्क ६९० चा धरला, तर पेडलसकट एकूण ८.९ किलोच्या आसपास बसते आहे.

आता अडचणी.

पहिली, फोर्क. फ्रेम १०० मिमीच्या सस्पेन्शन फोर्कसाठी बनलेली आहे. त्या फोर्कची ॲक्सल ते क्राउन उंची (चाकाच्या आसापासून फोर्कच्या माथ्यापर्यंत) ४९० च्या आसपास. मला दोन ताठ (सस्पेन्शन नसलेले) फोर्क मिळू शकतात: एक बिननावाचा कार्बन, ४४५ मिमी, ६९० ग्रॅम, दुसरा नामांकित कंपनीचा ॲल्युमिनियमचा, ४६५ मिमी, पण ११०० ग्रॅमच्या वर. कोणता घ्यावा? ४४५ घेतला तर सायकल चालवताना काय फरक पडेल?

दुसरी, हँडल. ड्रॉप बार (रोड सायकलचं खाली वळलेलं हँडल) मला आवडतो, पण ही फ्रेम सपाट हँडलसाठी लांब आखलेली आहे आणि माझा हात छोटा आहे. म्हणून विचार असा की एमटीबीचंच सपाट हँडल ५८० पर्यंत कापायचं, डिओरचे हायड्रॉलिक ब्रेक ठेवायचे आणि ग्रिपच्या आतल्या बाजूला इनर बार-एंड (पकड बदलायला लावतात ती छोटी शिंगं) लावायचे. दिवसभर कोणी असं चालवलं आहे का? मनगटाचं काय होतं?

तिसरा छोटा प्रश्न: चेनरिंग ३४ की ३६?

---

घाटमाथा (पुणे):

ताई, फ्रेमची निवड पटली. पण ड्रॉप बार सोडू नका असं मनापासून वाटतं. पठारावर समोरून वारा आला की सपाट हँडलवर बसून राहणं म्हणजे शिक्षा असते, आणि चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच लावलेल्या नाहीत. मायक्रोशिफ्ट कंपनीच्या ॲडव्हेंट एक्स गिअरसंचात ड्रॉपचे शिफ्टर मिळतात, १० गिअर, ११-४८ कॅसेट, तीही एचजी फ्रीहबवर बसते. ब्रेक टीआरपी स्पायर (केबलवर चालणारे डिस्क ब्रेक) घ्या, पोस्ट माउंटमध्ये (ब्रेक बसवायची एक पद्धत) येतात आणि दोन्ही बाजूंचे पॅड सरकतात. केबलचे ब्रेक कुठल्याही गावात दुरुस्त होतात.

फक्त तुमच्याकडचा डिओरचा डिरेलर (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तसाच ठेवून शिमानोचे रोड शिफ्टर लावायला जाऊ नका. दोन्ही १० गिअरचे असले तरी केबलची ओढ जुळत नाही, मधे टॅनपॅनसारखी पुली बसवावी लागते.

---

जुना_पाना (पुणे):

फोर्कचं आधी सांगतो, कारण सगळी सायकल त्यावर उभी राहणार आहे.

४९० चा सस्पेन्शन फोर्क माणूस बसल्यावर दोनेक सेंमी दबतो. म्हणजे फ्रेम आखणाऱ्याने प्रत्यक्षात ४७० च्या आसपासचा कोन मनात धरलेला असतो. ४६५ चा ताठ फोर्क लावलात तर सायकल मुळात होती तशीच राहील. ४४५ लावलात तर पुढची बाजू अडीच सेंमी खाली येते. तुमच्या मापाच्या सायकलचा व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर) १०७० मिमीच्या आसपास असेल. त्या हिशोबाने हेड अँगल (हेडट्यूबचा जमिनीशी कोन) सव्वा ते दीड अंशाने उभा होतो आणि बॉटम ब्रॅकेट सुमारे १० मिमी खाली जातो. मूळ कोन ६९.५ असेल तर ७१ च्या जवळ जाईल.

ऐकायला वाईट वाटतं, पण ७१ हा बहुतेक ग्रॅव्हल सायकलींचाच कोन आहे. हँडल हलकं आणि चपळ होईल. तोटा बॉटम ब्रॅकेटच्या उंचीत आहे. शिवाय २.२ इंची टायरऐवजी ४७ मिमीचा घातलात की अजून ८-९ मिमी गेले. एकूण जवळजवळ दोन सेंमी. तुमची क्रँक १७५ ऐवजी १६५ ची आहे, तिथे १० मिमी परत मिळतात. म्हणजे टायर २.१ च्या खाली नेऊ नका, नाहीतर धुपलेल्या पाणंदीत पेडल दगडावर आपटेल.

हे भूमितीचं झालं. भरवशाचं विचाराल तर बिननावाचा कार्बन फोर्क मी माझ्या घरातल्या कुणालाही देणार नाही. फ्रेमला तडा गेला तर बहुतेक वेळा आधी कुरकुर होते, थांबायला वेळ मिळतो. स्टीअरर (फोर्कची हेडट्यूबमधून वर जाणारी नळी) क्राउनपाशी तुटला तर काहीही कळायच्या आत माणूस तोंडावर असतो. तुमचं वजन कमी आहे हे खरं, पण डिस्क ब्रेकचा जोर फोर्कच्या पायावर येतो आणि ठोसेघरच्या उतारावर ब्रेक दाबून धरावाच लागतो. ४०० ग्रॅम जाऊ द्या. ॲल्युमिनियमचा घ्या.

आणि पुढेमागे चांगल्या कंपनीचा कार्बन फोर्क मिळालाच, तर त्याच्या स्टीअररमध्ये स्टार नट (नळीत ठोकून बसवतात तो नट) ठोकू देऊ नका. आतून फुगणारा कॉम्प्रेशन प्लग वापरायचा, कार्बन पेस्ट लावायची आणि स्टेमचे (हँडल धरून ठेवणारा भाग) बोल्ट टॉर्क पान्यानेच, स्टेमवर लिहिलेल्या आकड्याच्या वर न जाता आवळायचे. अंदाजाने आवळणारे हात मी बरेच पाहिलेत.

---

माणदेशी_चाक (दहिवडी):

आमच्याकडं येणार असाल तर टायरवर एक ग्रॅमसुद्धा वाचवू नका. सराटे आणि बाभळीचा काटा, दोन्ही बारमाही. सराटा बारीक भोक पाडतो, ते सीलंट (टायरच्या आत ओततात ते भोक बुजवणारं द्रव) भरून काढतं. बाभळीचा काटा आत मोडून राहतो, तो उपटायला पक्कड जवळ ठेवा. ट्यूबलेस केल्याशिवाय येऊ नका, आणि मार्चपासून पुढं दर महिन्याला सीलंट बघत जा. उन्हाळ्यात फार लवकर सुकतं.

सोबत एक टीपीयू (पातळ प्लास्टिकची) ट्यूब ठेवा. साध्या ट्यूबपेक्षा निम्म्याहून हलकी आणि मुठीत मावते. पण आत मोडलेला काटा काढल्याशिवाय ती घालायची नाही, पहिल्याच किलोमीटरला जाईल.

तुमच्या वजनाला २.१ च्या टायरमध्ये १८ ते २२ पीएसआय पुरे. तेवढ्यावर तुम्हाला सस्पेन्शनची आठवण येणार नाही.

---

जांभ्याची_वाट:

@जुना_पाना, असा हिशोब मांडून कुणी सांगितलं नव्हतं. फोर्कचा प्रश्न सुटला, ४६५ ॲल्युमिनियम. ९.३ किलो झाली तरी चालेल.

@माणदेशी_चाक, रेस किंग २.२ आणि थंडर बर्ट २.१ या दोन टायरांत घुटमळत होते. तुमचं वाचून रेस किंगचा जाड कडांचा प्रकार घेते.

@घाटमाथा, वाऱ्याचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. पण ड्रॉपवर ब्रेकची मूठ माझ्या बोटांपासून लांब राहते. उतारावर दोन बोटांनी ब्रेक नीट दाबता आला नाही तर मी तो रस्ता मोकळेपणाने उतरू शकत नाही. एमटीबीचा लिव्हर स्क्रू फिरवून हवा तितका जवळ घेता येतो. इनर बार-एंडचा अनुभव कुणाला असेल तर जरूर सांगा.

---

इझारकाठ (म्युनिक):

मला आहे. मी इथे सपाट हँडलवर एसक्यूलॅब कंपनीचे इनर बार-एंड लावून बऱ्याच लांब पल्ल्याच्या सफरी केल्या आहेत. माझी उंची १५८.

हात आत घेतले की खांदे अरुंद होतात, छाती खाली जाते, वाऱ्यात ड्रॉपच्या वरच्या पकडीइतका फायदा नक्की मिळतो. ड्रॉपच्या खालच्या पकडीची बरोबरी होत नाही, ते मान्य. मनगटाला खरा आराम पकड बदलण्यातून मिळतो. तासनतास तळवा जमिनीकडे करून धरण्यापेक्षा मधेमधे अंगठा वर करून धरता येतं. ब्रेकचे लिव्हर बार-एंडच्या बाहेर राहतात, पण तर्जनी लांब करून पोचता येतं. तरीही उतारावर हात बाहेर, ग्रिपवरच ठेवा.

दोन गोष्टी लक्षात घ्या. हँडल कार्बनचं असेल तर त्यावर बार-एंड आवळायची परवानगी कंपनीने दिली आहे का ते बघा. नसेल तर ॲल्युमिनियमचं घ्या, शंभरेक ग्रॅमचा फरक पडेल. आणि ५८० ला एकदम कापू नका. आधी ६२० ला कापून थोडे दिवस चालवा. बार-एंड, लिव्हर आणि शिफ्टर ओळीने बसायला सरळ जागा लागते. हँडल मधे वाकलेलं असेल तर ५८० मध्ये गर्दी होते. मागे वळण १२ अंशांच्या वर असलेलं हँडल मिळालं तर मनगटाला फार बरं वाटतं.

चीनमधून मागवायचा विचार असेल तर अलीएक्सप्रेसवर भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे हे लक्षात ठेवा. इथून येणारं कुणी असेल तर बार-एंड पाठवता येतील, खिशात मावतात.

---

घाटमाथा:

ब्रेकच्या मुठीचा मुद्दा पटला, माझा आग्रह मागे घेतो. उतारावरचा भरवसा वाऱ्यापेक्षा मोठा.

चेनरिंग: २.२ च्या टायरला चाकाचा एक फेरा सुमारे २.१८ मीटर. ३४ आणि ४६ वर मिनिटाला ६० पायडलला ताशी ५.८ किमी, ३६ वर ६.१. वरच्या टोकाला, ११ च्या दात्यावर ९० पायडलला ३४ ने ताशी ३६, ३६ ने साडेअडतीस. सपाटीवर तुम्ही एकट्या ताशी ३६ च्या वर किती वेळ जाता? यवतेश्वरला मात्र तो ०.३ चा फरक शेवटच्या वळणांवर पायाला कळेल. शिवाय एमटीबीच्या चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) मोठी चेनरिंग घासते, ३६ बसेलच याची खात्री नाही. ३४ घ्या.

---

जुना_पाना:

३४ ला माझंही मत. एक राहिलं. या फ्रेमांना सीटपोस्ट (सीटचा दांडा) बहुतेक ३०.९ किंवा ३१.६ मिमी जाडीचा असतो. तुमच्या वजनाखाली तो काडीचा वाकणार नाही, सगळे हादरे पाठीत येतील. शिम (जाडीतला फरक भरून काढणारी बाही) घालून २७.२ चा कार्बन पोस्ट बसवा. शिमचं वजन ४०-५० ग्रॅम, पण दिवसअखेर कंबर दुखायची थांबते. शिमची चीर आणि फ्रेमची चीर एका रेषेत ठेवा, आणि पोस्टची किमान खोलीची रेघ शिमच्या आतच राहील एवढा तो खाली जाऊ द्या.

फोर्क मागवण्याआधी हेडट्यूबचं खालचं आतलं माप कॅलिपरने घ्या. २०१४ च्या कार्बन फ्रेमा बहुतेक टेपर्ड स्टीअररसाठी असतात, वर १ १/८ इंच आणि तळाला दीड इंच. फोर्क सरळ १ १/८ इंची निघाला तर खाली रिड्यूसर क्राउन रेस (बेअरिंग टेकते ती कडी, मापातला फरक भरणारी) लागेल. आणि तुमच्या पुढच्या चाकाचा हब १०० x १५ (रुंदी आणि आसाची जाडी, मिमी) आहे की क्यूआर (खटक्याने आवळायचा बारीक आस), ते इथे टाका. फोर्कचा ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो ती जागा) त्याच मापाचा हवा.

---

जांभ्याची_वाट:

हब १०० x १५. हेडट्यूब टेपर्ड आहे, खालचा बेअरिंग कप फ्रेममध्येच घडवलेला आहे. बेअरिंगवर ५२ x ४० x ७, ४५ x ४५ अंश असं कोरलंय.

---

जुना_पाना:

मग दीड इंची क्राउन रेस चालेल. ४६५, टेपर्ड, १०० x १५, पोस्ट माउंट १६०, एवढं लिहून मागवा. स्टीअरर कापू नका, सायकल घेऊन या, स्टेमची उंची बसून ठरवू आणि मग कापू.