वांग्याचे बी राखणाऱ्या सासूबाईंचे नाव नोंदीत का नाही?

प्रश्न : यावल तालुक्यातील आमच्या घरी सासूबाई गेली तीस वर्षे भरिताच्या वांग्याचे बी राखतात; कोणते फळ बियांसाठी झाडावर पिकू द्यायचे हे त्याच ठरवतात. मागील हंगामात अभ्यासासाठी वाणाची माहिती घेणारे लोक आले, त्यांनी सर्व प्रश्न सासऱ्यांना विचारले आणि नावही त्यांचेच लिहिले, कारण सातबारा त्यांच्या नावावर आहे. यावर काही उपाय आहे का?

उत्तर १ : ताई, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 यात शेतकऱ्याची व्याख्या जमिनीच्या मालकीशी बांधलेली नाही, पारंपरिक वाण जपणारी किंवा निवडीने त्यात भर घालणारी व्यक्तीही त्यात येते. त्यामुळे सातबाऱ्याचे कारण टिकत नाही. पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात सासूबाईंना स्वतः घेऊन जा, आणि बोलू त्यांनाच द्या.

उत्तर २ : तरीही सातबारा सोडू नका. पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मीमुक्तीची तरतूद 1992 पासून आहे. सासऱ्यांची तयारी मात्र हवी. (खरी अडचण बहुधा तिथेच येते.)

उत्तर ३ : भुवनेश्वरला 1996 पासून शेतकरी महिलांसाठी स्वतंत्र केंद्रीय संशोधन संस्था आहे, परंतु कागदावरची सोय बाईपर्यंत पोचतेच असे नाही : आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाया अजूनही कमरेला ओटी (कापूस ठेवायची कापडी झोळी) बांधूनच दिवसभर वाकतात.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. सासूबाई म्हणतात, बी दाखवीन, पण आधी वही माझ्यासमोर लिहा.