कॅन्सर परत आला आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक येणार आहे, तिला कसे सांगावे?

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे, वय 54. 2018 मध्ये डाव्या स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, मग केमोथेरपी आणि रेडिएशन झाले आणि त्यानंतर पाच वर्षे हार्मोन रोखणारी गोळी मी एकही दिवस न चुकवता घेतली. देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात पाकीट असे आणि गोळी घेतली की दिनदर्शिकेवर पेनाने टिंब देत असे. पाच वर्षे पूर्ण झाली तेव्हा शाळेत पेढे वाटले. आज त्या पेढ्यांचीच लाज वाटते.

दिवाळीनंतर कंबर दुखू लागली. रोजचा एसटीचा प्रवास आणि वय यांना दोष देत दोन महिने मलम चोळण्यात गेले. अखेर पेट स्कॅनमध्ये मणका आणि खुब्याच्या हाडात आजार दिसला, आणि हाडाचा तुकडा तपासल्यावर तो जुनाच, हार्मोनवर वाढणारा कॅन्सर निघाला. आता तो मुळापासून जाणार नाही, परंतु औषधांनी आटोक्यात ठेवता येईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. एकवीस दिवस गोळ्या आणि सात दिवस सुट्टी असे चक्र आहे, सोबत हार्मोन रोखणारी दुसरी गोळी आणि हाडांसाठी इंजेक्शन. त्या इंजेक्शनने क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होते, म्हणून आधी दात तपासायला सांगितले. म्हणजे एवढी मोठी बातमी ऐकल्यावर मी पहिले काम केले ते किडकी दाढ काढून घेण्याचे.

नणंदेने विचारले, "वहिनी, मध्ये गोळ्या सोडल्या होत्या का?" या प्रकारच्या कॅन्सरच्या पेशी वर्षानुवर्षे गप्प राहून पुन्हा जाग्या होऊ शकतात, त्यात रुग्णाची चूक नसते, हे डॉक्टरांनी समजावले आहे. दिवसा ते पटते; रात्री दोन वाजता मी जुन्या दिनदर्शिका काढून टिंबे मोजत बसते.

परळच्या टाटा रुग्णालयाचे मत घेण्यासाठी आम्ही जाणारच आहोत, त्यामुळे औषधांचा सल्ला नको आहे. काढे, गोमूत्र आणि "मन खंबीर ठेवा" हेही कृपया नको.

अडचण लेकीची आहे. 2018 मध्ये तिची बारावी होती, म्हणून परीक्षा संपेपर्यंत आम्ही तिच्यापासून सारे लपवले आणि तिला ते शेजारणीकडून कळले. "मम्मी, पुन्हा असं करू नको," एवढेच ती म्हणाली, पण तो राग बराच काळ टिकला. लग्नानंतरची तिची ही पहिली आखाजी. सण होऊन जाऊ दे, असे ह्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. मात्र त्या वेळी "वर्षभरात संपेल" असे तरी म्हणता आले होते. आता त्या जागी कोणते वाक्य ठेवायचे? ज्यांनी आपल्या मुलांना हे सांगितले आहे, त्यांनी नेमके कोणते शब्द वापरले ते लिहावे.

आणखी एक. दुखण्यासाठी डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह विभागाची चिठ्ठी दिली आहे. तो विभाग केवळ शेवटच्या दिवसांसाठी नसतो, वेदना कमी करण्यासाठी उपचारांसोबतही तिथे जातात, हे मला माहीत आहे. तरीही चिठ्ठी पर्समध्ये तशीच पडून आहे. तिथे गेलेल्या कोणी पहिल्या भेटीत काय होते ते सांगितले, तर पाय उचलेल.

लेक सुरतहून रविवारच्या गाडीने निघते आहे. त्याआधी उत्तरे मिळाली तर फार उपकार होतील.